दिमिष्काच्या वाटेनंतरची सतरा वर्षे

प्रेषित पौल म्हटले की डोळ्यांसमोर घोड्यावरून कोसळलेला माणूस येतो. तो घोडा काराव्हाज्जोसारख्या चित्रकारांचा. बायबलमध्ये तो कुठेच नाही. प्रेषितांच्या कृत्यांत लूकाने दिमिष्काच्या वाटेवरचा प्रसंग तीनदा सांगितला आहे. पौल स्वतः मात्र गलतीकरांना लिहिताना देवाने आपल्याला पुत्राचे दर्शन घडवले, एवढेच सांगून पुढे जातो. मला त्याचे हे पुढे जाणे फार मोलाचे वाटते. त्याचा विचार त्या एका क्षणात घडला नाही. तो पुढच्या वर्षांत घडला.

प्रसंग इ.स. 33 ते 36 च्या दरम्यानचा असावा. तोपर्यंतचा पौल म्हणजे बन्यामीन वंशातला, आठव्या दिवशी सुंता झालेला परुशी. येशूच्या अनुयायांचा छळ तो नियमशास्त्रावरच्या निष्ठेपोटी करत होता. झाडाला टांगलेला माणूस देवाचा शापित, असे जुन्या करारातले ‘अनुवाद’ हे पुस्तक सांगते. मग वधस्तंभावर मेलेल्याला मशीहा म्हणायचे तरी कसे? पौलाला पापाची टोचणी लागली होती, हेही खरे नव्हे. नियमशास्त्राच्या दृष्टीने आपण निर्दोष होतो, असे तो फिलिप्पैकरांना सरळ लिहितो. ती तळमळ ऑगस्टीनची आणि लूथरची. आपण ती पौलाच्या माथी मारली, हे क्रिस्टर स्टेंडाल या अभ्यासकाने 1963 मधल्या निबंधात दाखवून दिले, आणि मला ते पटते.

मग त्या वाटेवर नेमके काय मोडले? शापित ठरलेला तो माणूस जिवंत आहे, देवानेच त्याला उठवले, अशी पौलाची खात्री झाली. आता ते वचन नव्याने वाचणे भाग होते. त्याने ते टाकून दिले नाही, उलटे केले: तो शाप ख्रिस्ताने आपल्यासाठी अंगावर घेतला. शिवाय ही हाक आली तेव्हा पौल वैरी होता. त्याच्या गाठीला पुण्य नव्हते, पश्चात्तापही नव्हता. आपण वैरी असतानाच देवाने समेट केला, हे रोमकरांच्या पत्रातले प्रतिपादन त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून आले आहे, असे मला वाटते. ‘कृपा’ हा शब्द त्याच्यासाठी आधी अनुभव होता, सिद्धान्त नंतर झाला.

पुढे अरबस्तान, पुन्हा दिमिष्क, आणि अरीतास राजाच्या अधिकाऱ्याला चुकवून तटावरून टोपलीत बसून सुटका. तीन वर्षांनी यरुशलेमात केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, 15 दिवस. मग सूरिया, किलिकिया. तिथून पुन्हा यरुशलेमला येईतो 14 वर्षे गेली. सरळ बेरीज 17. या काळातले त्याचे एकही पत्र आपल्याजवळ नाही.

या वर्षांची कसोटी लागली ती अंत्युखियात, आणि तीही जेवताना. तिथे ज्यू आणि परराष्ट्रीय, म्हणजे ज्यू नसलेले, एका पंगतीला बसत. यरुशलेमच्या मंडळीतला प्रमुख याकोब याच्याकडची माणसे आली आणि केफा त्या पंगतीतून उठला. पौलाचा सहकारी बर्णबाही त्याच्यामागे गेला. पौलाने केफाला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावले. माणूस नीतिमान ठरतो तो नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, हे त्याचे प्रसिद्ध म्हणणे गलतीकरांच्या पत्रात या भांडणाला लागूनच येते. कोणी कोणासोबत जेवायचे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. पंगत म्हणजे काय आणि पंगतीतून उठणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

म्हणूनच ‘धर्मांतर’ हा आपला शब्द पौलाला लावताना मी अडखळतो. त्याने ज्यू असणे सोडले नाही. आईच्या उदरातच निवडले गेल्याची त्याची भाषा यिर्मया संदेष्ट्याच्या पाचारणाची आहे. साधारण 57 साली करिंथहून रोमकरांना लिहिताना आपल्या लोकांसाठी त्याचा जीव तुटतो. त्यांच्यासाठी स्वतः शापित व्हायचीही तयारी तो दाखवतो. शाप हा शब्द पुन्हा आलाच. पत्र पाठवून तो यरुशलेमच्या गरिबांसाठी परराष्ट्रीय मंडळ्यांनी जमवलेली वर्गणी पोचवायला निघाला. ज्या शहरातून एके काळी तो येशूच्या माणसांना बांधून आणायला निघाला होता, त्याच शहरात, मंदिरात परराष्ट्रीयांना आणल्याच्या आरोपावरून त्याच्याच हातांत साखळ्या पडल्या.