तळ्यातील मासा आणि संप्रेरके

रोहू, कटला आणि मृगळ हे गोड्या पाण्यातील मासे तळ्यात उत्तम पोसतात. मादीच्या पोटात अंडीही तयार होतात. तथापि साचलेल्या पाण्यात ती अंडी घालीत नाही. पावसाळ्यात नदीचा पूर काठच्या सखल भूमीवर पसरला म्हणजेच या माशांचे प्रजनन होते. त्यामुळे तळ्यासाठी लागणारे मत्स्यबीज पूर्वी नदीतून जाळ्यांनी धरून आणावे लागे. त्यात पिले खाणाऱ्या माशांचेही बीज मिसळलेले असे, आणि पुराने दगा दिला तर तळे रिकामे राही.

तळ्यातील मादी अशी अडून का राहते? याचे उत्तर तिच्या मेंदूत आहे. पाऊस, वाहते पाणी आणि उष्णतामान यांची वार्ता मेंदूला पोचली की त्याचा तळभाग जवळच्या पीयूषिका ग्रंथीला एक रासायनिक निरोप धाडतो. ती ग्रंथी आपला स्राव रक्तात सोडते. तो अंडाशयास पोचला म्हणजे तेथे आणखी एक द्रव्य निर्माण होते व त्याच्या योगाने अंडी परिपक्व होऊन सुटतात. अशा निरोप्या द्रव्यांना संप्रेरके म्हणतात. तळ्यात या साखळीची पहिली कडीच हलत नाही. शिवाय डोपामीन नावाचे द्रव्य पीयूषिकेला आवरून धरते, ते वेगळेच.

मग ही पहिली कडी ओलांडून पुढचा स्रावच माशाला बाहेरून दिला तर? ब्राझीलमध्ये १९३० नंतरच्या दशकात हा उपाय यशस्वी झाला होता. आपल्याकडे डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे देशी कार्प माशांवर तो सिद्ध केला. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

रीत अशी: पक्व माशाच्या डोक्यातील पीयूषिका काढून मद्यार्कात जपून ठेवावयाची, मग वाटून तिचा अर्क टोचावयाचा. मादीला दर किलो वजनास प्रथम २ ते ३ मिलिग्रॅम आणि सुमारे ६ तासांनी ५ ते ८ मिलिग्रॅम ग्रंथी देतात. नराला या दुसऱ्या वेळी एकच लहान मात्रा पुरते. पुढे काही तासांतच अंडी पडतात. आता मेंदूच्या निरोपासारखे कृत्रिम द्रव्य आणि डोपामीनला रोखणारे औषध एकत्र करून एकाच टोचणीत देतात. त्यामुळे ग्रंथी जमविण्याचा खटाटोप उरलेला नाही.

कार्पच्याच कुळातील गोल्डफिशमध्ये तर आणखी नवल आढळते. मादीची संप्रेरके पाण्यातही उतरतात. नराला त्यांचा वास लागला की त्याचे शुक्रद्रव्य वाढते, आणि अंडी सुटल्यावर पाझरणाऱ्या दुसऱ्या द्रव्याने तो तिचा पाठलाग करू लागतो.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. टोचणीने बीज विपुल मिळते म्हणून मोजक्याच जोड्यांपासून पिढ्यान् पिढ्या बीज घेतल्यास सगोत्र संकराने वाण खालावते. अंडी केव्हा सुटावीत हे सुई ठरवू शकते. वाण कसे राहावे हे पाळणाऱ्याच्या निवडीवरच अवलंबून आहे.