दारावर आपल्या नावाची पाटी

भाड्याच्या घरात संसार केलेल्या पुष्कळजणी हे वाचत असतील. भिंतीवर खिळा ठोकायचा तर आधी घरमालकिणीच्या कानावर घालावं लागतं. तुळस कुंडीतच वाढवावी लागते. आणि 'जागा रिकामी करा' म्हटलं की बोचकी बांधण्याशिवाय गत्यंतर नसतं. पण तिथे निदान महिनाभराची सूचना तरी मिळते. मला एका रात्रीचीही मिळाली नाही!

झालं असं. २०१४ साली मुलीच्या आग्रहावरून मी एका मोठ्या, फुकटच्या संस्थळावर सासूबाईंच्या पदार्थांचं पान सुरू केलं. सासूबाई वाईच्या. हातात मोजमाप असं कधी नाहीच, सगळं 'अंदाजानं'. त्या ओट्याशी उभ्या राहायच्या आणि मी शेजारी वाटी घेऊन त्यांचा अंदाज मोजायची. मूठभर म्हणजे किती, चिमूटभर म्हणजे किती, ते लिहून घ्यायची. फोटो काढायची. पुढे पुढे तर मी त्यांचं बोलणंही फोनवर चित्रित करू लागले. सात वर्षांत चारशेच्या वर पदार्थ झाले. त्यात सासूबाई २०१९ साली गेल्या, आणि ते पान नुसतं पाककृतींचं राहिलं नाही. दर श्राद्धाला आमच्याकडे ते उघडून त्यांचा आवाज ऐकला जाई.

मग २०२१ च्या पावसाळ्यात एका रात्री कुणीतरी माझा पासवर्ड फोडला, त्या पानावर नको त्या जाहिराती लावल्या, आणि सकाळी उठून पाहते तो 'नियमभंगाबद्दल हे पान बंद करण्यात आले आहे'! मी अर्ज केले. उत्तरं यायची, पण ती यंत्रानं लिहिलेली. दोनदा तर अक्षरन् अक्षर तीच. फोन करावा तर नंबर नाही, जाऊन भेटावं तर कचेरी कुठे ते ठाऊक नाही. "अगं, फुकट होतं ना ते? मग भांडणार कुणाशी?" असं आमचे हे म्हणाले. मला राग आला, पण त्यांचं चुकीचं नव्हतं. जिथं आपण पैसे देत नाही तिथं आपण गिऱ्हाईक नसतोच. पैसे जाहिरातवाले देतात. आपण लिहिलेलं किती जणांना दाखवायचं, कुणाला दाखवायचंच नाही, हे तिथलं यंत्र ठरवतं, आणि ते त्यांच्या सोयीनं ठरवतं.

फोटो जुन्या फोनमध्ये होते. तो फोन त्याआधीच पाण्यात पडून गेलेला. वह्या होत्या म्हणून पाककृती तरी वाचल्या. सासूबाईंच्या बोलण्याच्या चित्रफिती मात्र सतरा होत्या, त्यांतल्या तीनच हाती लागल्या. त्याही वन्संनी आपल्या आईची आठवण म्हणून उतरवून ठेवल्या होत्या म्हणून. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच.

आता तुम्ही म्हणाल, हे तुमच्या एकटीचं दुर्दैव. तसं नाही हो! अमेरिकेत १९९४ साली 'जिओसिटीज' नावाची सोय सुरू झाली होती. कुणालाही फुकट पान मिळायचं आणि पानांच्या चक्क वसाहती होत्या. घरसंसारावर लिहिणाऱ्यांची वसाहत 'हार्टलँड'. १९९९ मध्ये 'याहू'नं ती अब्जावधी डॉलर्सना विकत घेतली आणि दहाच वर्षांनी, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या त्या सगळ्या वसाहती बंद केल्या. काही उत्साही स्वयंसेवकांनी दिवसरात्र खपून त्यातला बराचसा भाग उतरवून ठेवला, नाहीतर तोही राहिला नसता. आपल्याकडचं 'ऑर्कुट' तर तुम्हाला आठवत असेलच. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालं, भारतात आणि ब्राझीलमध्ये घराघरांत पोचलं, आणि ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. किती मैत्रिणींनी तिथे एकमेकींविषयी चार चांगले शब्द लिहिले होते! २०१९ मध्ये 'मायस्पेस'नं कबूल केलं की लोकांनी आधीच्या बारा वर्षांत चढवलेली गाणी सामान हलवताना हरवली. कंपनी कितीही मोठी असो, तिथे ठेवलेली आपली चीजवस्तू तिच्या मर्जीवर असते.

तेव्हा मी ठरवलं, आता आपलं स्वतःचं घर. म्हणजे वेबसाइट.

हा शब्द ऐकला की आपण बायका दचकतो. हे काम इंजिनीअर मुलांचं, असं वाटतं. मलाही वाटायचं. पण मुळात ही वस्तू साध्या माणसांसाठीच निघालेली आहे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज माणसानं जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत १९८९ साली ही कल्पना मांडली, १९९१ मध्ये जगातली पहिली वेबसाइट सगळ्यांना खुली झाली, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं ते सगळं तंत्र कुणालाही विनामोबदला वापरायला देऊन टाकलं. त्यामुळे वेबसाइट काढायला आजही कुणाची परवानगी लागत नाही.

वेबसाइटीचं पान म्हणजे साधं लिहिलेलं कागदच. संगणकावरच्या नोटपॅडमध्ये मजकूर लिहायचा आणि त्यात खुणा घालायच्या. परिच्छेदाला 'पी', मोठ्या मथळ्याला 'एच-१', फोटोला 'आयएमजी', दुसऱ्या पानावर नेणाऱ्या दुव्याला 'ए'. खुणा कोनी कंसात लिहायच्या. शिवताना टाका सुरू केला की शेवटी गाठ मारतो ना आपण? तशीच बहुतेक खूण उघडली की बंद करायची. गाठ विसरली तर पुढचा सगळा मजकूर मथळ्याएवढा मोठा होऊन बसतो. माझा झाला होता! मुलगी फोनवर हसत सुटली होती. मला पहिलं पान जमायला दोन दुपारी लागल्या. पुरणपोळीला याहून जास्त लागल्या होत्या.

मराठी लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पान जपून ठेवताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडलेला आहे ना, ते पाहावं आणि पानाच्या डोक्यावरही तशी ओळ घालावी. नाहीतर आपल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं दिसतात. पूर्वी जे टंक वापरून टाइप केलेलं असायचं ते दुसऱ्याच्या संगणकावर वाचताच येत नसे. आता युनिकोडमुळे तो त्रास गेला. मात्र जुन्या टंकातला मजकूर घरात पडलेला असेल तर तो आधी बदलून घ्यावा लागतो.

खुणांच्या भानगडीत पडायचं नसेल तर तयार साचे मिळतात. 'वर्डप्रेस' २००३ पासून आहे, आणि ते इतकं रुळलेलं आहे की अडलं तर कुणी ना कुणी सांगणारं भेटतं. खुणा लिहायची हौस असेल तर 'निओसिटीज' पाहा. ते २०१३ साली त्या बंद पडलेल्या जिओसिटीजची आठवण ठेवूनच निघालं. तिथे फुकट जागाही मिळते आणि पानावर जाहिराती नसतात. फुकट म्हणजे पुन्हा भाड्याचंच घर की, असं म्हणाल तर बरोबर आहे. शिकण्यापुरतं ते ठीक. पण एक गोष्ट मात्र पैसे मोजूनच घ्या, आणि ती म्हणजे नाव.

या नावाला 'डोमेन' म्हणतात. वर्षाला साधारण सातआठशे ते पंधराशे रुपये पडतात. म्हणजे एका बऱ्यापैकी साडीच्या फॉलबीडिंगसकट खर्चापेक्षा कमीच! दुकानदार पहिल्या वर्षी नव्व्याण्णव रुपयांची लालूच दाखवतात आणि दुसऱ्या वर्षी खरा दर लावतात, तेव्हा दुसऱ्या वर्षाचा भाव आधी विचारावा. २०१४ पासून '.भारत' हे देवनागरी नावही मिळू लागलं आहे. दिसायला फार गोड दिसतं, पण काही जुन्या यंत्रणा ते नीट ओळखत नाहीत. म्हणून जोडीला एक रोमन अक्षरांतलं नाव घेतलेलं बरं. नाव आपलं असलं की खालची जागा कधीही बदलता येते. एका ठिकाणी जमेनासं झालं तर पानं उचलायची, दुसरीकडे ठेवायची, आणि नावाला नवा पत्ता सांगायचा. येणाऱ्या पाहुण्यांना कळतही नाही.

इथे जरा थांबते, कारण हे कुणी बायकांना सांगत नाही. नाव कुणाच्या नावावर नोंदवलं आहे? भाच्यानं हौसेनं करून दिलं, किंवा ओळखीच्या मुलानं चार हजार घेऊन 'सगळं' करून दिलं, तर बहुधा नोंदणी त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर असते. पुढे तो परदेशी गेला, त्याच्याशी बिनसलं, की आपण आपल्याच दाराबाहेर. आमच्या ओळखीतल्या एका मसालेवाल्या बाईंना स्वतःच्या ब्रँडचं नाव असंच सोडून द्यावं लागलं. घर घेताना आपण सातबारा पाहतो, करारावर नाव पाहतो; तसंच इथेही पाहा. नोंदणी आपल्या नावे, ईमेल आपला, पासवर्ड आपल्या वहीत. 'अहों'च्याही नावे नको! (हे वाचून आमच्याकडे अबोला होईल, होऊ दे.) आणि नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा, कारण मुदत टळून गेली की काही दिवसांनी ते नाव दुसरं कुणीही घेऊ शकतं.

फोटोंचं म्हणाल तर फोनमधला फोटो चारपाच एमबीचा असतो. तो तसाच चढवला तर वाचणारीचं नेट संपेल. दोनतीनशे केबीपर्यंत लहान करावा. सगळ्या पानांची एक प्रत संगणकात, दुसरी पेनड्राइव्हवर आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कुणाच्या घरी. माझा वन्संकडे असतो.

आणि काय लिहू नये तेही सांगते. वेबसाइट म्हणजे उघडा ओटा, येणारा-जाणारा पाहतो. घराचा पत्ता, फोन नंबर, मुलांचे शाळेच्या गणवेशातले फोटो, अंगावरच्या दागिन्यांसह लग्नातले फोटो, 'आम्ही पंधरा दिवस गावाला चाललो' अशी बातमी यातलं काही नको. निरोपासाठी वेगळा ईमेल काढावा. नाव नोंदवताना दिलेला पत्ता लोकांना दिसणार का, हेही विचारून घ्यावं.

खोटं कशाला सांगू, तिथे एकटं वाटतं. जुन्या पानावर नारळीभाताचा फोटो टाकला की तासाभरात दोनशे अंगठे यायचे. नव्या घरी पहिल्या महिन्यात अकरा भेटी झाल्या. त्यांतल्या चार माझ्याच. आपण होऊन कुणी येत नाही. हळदीकुंकवाला जसं घरोघर जाऊन बोलावणं करतो तसं करावं लागतं. म्हणून मी मोठी संस्थळं सोडलेली नाहीत. अमेरिकेत २०११ पासून 'इंडीवेब' म्हणून एक चळवळ आहे, तिचे लोक सांगतात तेच करते: आधी आपल्या घरी लिहायचं, मग त्याचा दुवा व्हॉट्सॲपवर आणि इतरत्र द्यायचा. मूळ प्रत आपल्याकडे. तिकडचं पान उद्या पुन्हा बंद झालं तर फक्त बोलावणं जाईल, घर जाणार नाही.

लिहायचं काय, असा प्रश्न मला पुष्कळजणी विचारतात. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या आणि आता 'पारी'च्या वेबसाइटवर ऐकायला मिळतात. त्या गाणाऱ्या बायकांनाही आपल्याजवळ 'लिहिण्यासारखं' काही आहे असं वाटलं नसेल. तुमच्या आजेसासूबाईंची बाळंतविड्याची यादी, गच्चीतल्या भाज्यांचा हिशेब, तुमच्या गावची भोंडल्याची गाणी... कितीतरी आहे. एकाच विषयाची दहा पानंही चालतात.

माझ्या वेबसाइटीवर आज एकशे चाळीस पदार्थ आहेत. 'अंगठे' नाहीत, पण पत्रं येतात. गेल्या उन्हाळ्यात बेळगावहून एका बाईंचं आलं. सासूबाईंच्या कुरडयांच्या पाककृतीत मी 'गहू तीन दिवस भिजवावे' असं लिहिलं होतं. त्यांनी कळवलं होतं, 'उन्हाळ्यात तीन बरोबर, पण थंडीत करायच्या तर चार लागतात. आणि पाणी रोज बदलायचं हे लिहायला तुम्ही विसरलात.' मी सासूबाईंची चित्रफीत पुन्हा लावून पाहिली. हाती लागलेल्या तिनांतलीच ती एक. त्या ओट्याशी उभ्या आहेत, आणि खरंच, मागे नळाचा आवाज येत असताना म्हणताहेत, "पाणी रोज बदल गं, नाहीतर वास येतो." आवाज बारीक होता, मी इतकी वर्षं ऐकलाच नव्हता. त्याच दुपारी पान उघडलं आणि ती ओळ घातली.