सुट्या भागांची शिस्त : मॉडेलच्या धंद्यातील दडलेले भांडवल

बिल्डर आणि आर्किटेक्ट यांच्यासाठी इमारतींची छोटी मॉडेल्स बनविण्याचा धंदा मुंबई-पुण्यात चांगला रुजला आहे. लेसर मशीन आल्यापासून भिंती आणि खिडक्या कापण्याचे काम झटपट होते. वेळ खातो तो शेवटचा टप्पा. माणसे, मोटारी, झाडे, दिव्याचे खांब लावायची वेळ येते आणि नेमके तेच भाग सापडत नाहीत. रात्रभर डबे उपसून झाले की सकाळी बाजार उघडताच तोच माल पुन्हा विकत आणला जातो. पहिला माल पुढे महिन्याभराने बिस्किटाच्या एखाद्या जुन्या डब्यात निघतो. एकाच मालाला दोनदा पैसे गेले, वायदा चुकला आणि गिऱ्हाईक नाराज झाले ते वेगळेच.

यावर उपाय महागड्या कपाटाचा नाही. सुटे भाग कोणत्या नियमाने वेगळे करायचे, हे एकदा ठरविले पाहिजे.

स्केलचे भाग आणि बिनस्केलचे भाग

बहुतेक कारखान्यांत एका कामातून उरलेले सर्व सामान एकाच डब्यात टाकतात. त्याऐवजी प्रत्येक भागाबद्दल पहिला प्रश्न असा विचारावा : याचे स्केल ठरलेले आहे काय?

माणूस, मोटार, दार, बाक, कठडा यांचे माप सर्वांना ठाऊक असते. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस १:५० स्केलला ३.४ सेंटिमीटर, १:१०० ला १.७ सेंटिमीटर आणि १:२०० ला अवघा साडेआठ मिलिमीटर होतो. १:७५ चा माणूस घाईत १:१०० च्या मॉडेलवर उभा केला, तर तो जवळजवळ साडेसात फुटांचा दिसतो आणि त्याच्या शेजारची इमारत बुटकी वाटते. दोष कोठे आहे हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, पण मॉडेल त्याच्या मनात भरत नाही. म्हणून असे भाग स्केलप्रमाणेच ठेवावेत आणि प्रत्येक खणावर स्केल ठळक लिहावे.

झाडाचे तसे नाही. पाच सेंटिमीटरचे झाड १:५० वर अडीच मीटरचे झुडूप, १:१०० वर पाच मीटरचे झाड आणि १:२०० वर दहा मीटरचा वृक्ष होतो. नळ्या, काड्या, चकत्या, जाळी यांचेही तेच. असे भाग स्केलने न लावता उंचीने, जाडीने किंवा व्यासाने लावावेत. म्हणजे एकच माल तीन कामांना चालतो आणि खरेदी कमी होते.

प्लास्टिक ओळखून ठेवा

दिसायला सारखे असलेले प्लास्टिक सारखे नसते. बाजारातील जोडणीच्या किटचे भाग बहुधा पॉलिस्टायरीनचे असतात. अ‍ॅक्रिलिक जोडायला आपण क्लोरोफॉर्म वापरतो. तोच किटच्या नाजूक भागाला लागला तर भागच विरघळतो. डब्यांची झाकणे ज्या मऊ पॉलिथिनची असतात, त्याला तर यांपैकी काहीच धरत नाही. म्हणून अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टायरीन आणि धातू यांचे डबे निराळे ठेवावेत. ओळख पटत नसेल तर कोपऱ्यावर एक थेंब टाकून पाहावे. जाळून पाहू नये, धूर वाईट असतो. क्लोरोफॉर्मचे कामही खिडक्या उघड्या ठेवूनच करावे.

जादा कापा, नाव घालून ठेवा

मॉडेल टेम्पोतून नेताना कठडे आणि बाल्कन्या हमखास तुटतात. पुढे विक्री कार्यालयातही लोकांचे हात लागतात. तोच भाग पुन्हा बनवायचा म्हणजे जुनी फाइल शोधा, त्याच जाडीची शीट आणा, मशीन लावा. त्यापेक्षा पहिल्याच वेळी दहाला एक भाग जादा कापावा आणि रंगही तेव्हाच द्यावा, म्हणजे छटा जुळते. हे भाग झिपच्या पिशवीत घालून वर कामाचे नाव, तारीख आणि स्केल लिहावे. तक्रार आली की कारागीर पिशवी घेऊन निघाला पाहिजे. अशा तत्परतेनेच पुढचे काम मिळते.

राखायचे किती?

उरलेल्या मालाला किंमत असते हे खरे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील अंतराळयानांच्या मॉडेल्सवर रणगाड्यांच्या आणि जहाजांच्या किटमधील असंख्य सुटे भाग चिकटवलेले होते. परंतु सर्व काही राखणे म्हणजे अडगळ पाळणे. जपानी कारखान्यांच्या शिस्तीत पहिली पायरी ‘सेइरी’, म्हणजे नको ते काढून टाकणे, ही आहे. ‘सेइतोन’, म्हणजे मांडून ठेवणे, हे त्यानंतर येते. तुटलेले, वाकलेले आणि वर्षभर हात न लागलेले भाग आधी बाजूला काढावेत, मगच खण विकत घ्यावेत.

नेहमी लागणाऱ्या मालाच्या दोन पिशव्या ठेवाव्यात. पहिली संपून दुसरी फोडली की लगेच खरेदीच्या वहीत नोंद करावी. शिल्लक भाग वापरला तरी त्याची किंमत त्या कामाच्या बिलात धरावी. घरात पडून होता म्हणून तो फुकट होत नाही. त्याचे पैसे आपण कधीतरी मोजलेलेच असतात. घरीच काम चालत असेल तर दिव्यांचे बटन सेल आणि छोटी लोहचुंबके मात्र कुलपात ठेवावीत. लहान मुलांनी ती गिळली तर जिवावर बेतते.

आजवर कोणता भाग कोठे आहे, हे उस्तादांच्या डोक्यात असे. उस्ताद आजारी पडले किंवा गावी गेले की काम थांबे. खणावर नाव आणि स्केल लिहिले की कालच आलेला शागिर्दही तो भाग काढून देऊ शकतो. सुटीच्या एका दिवशी एकच डबा घ्यावा आणि सुरुवात माणसे आणि मोटारींपासून करावी. पट्टी, पेन आणि चिकटपट्टी एवढ्यावर ते काम होते.