आरएसआय सत्तरच्या वर गेला, म्हणून काय?

"काका, आरएसआय सत्तरच्या वर गेलाय. विकून टाकू का?" चौक, नेरळ, खालापूरकडची पोरं मला मोबाइल दाखवून हे विचारतात. माझी सगळी नोकरी फोर्टमधल्या ब्रोकरच्या ऑफिसात झाली, म्हणून दहिवलीच्या घरी ती येतात. काहींच्या हातात वडिलांनी विकलेल्या जमिनीचा पैसा असतो. त्यामुळे मी नीट समजावून सांगतो.

आरएसआय म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स, मोमेंटम मोजणारा आकडा. तो सत्तरच्या वर गेला की भाव फार चढला आणि तिसाच्या खाली गेला की फार पडला, असा समज असतो. मोमेंटम म्हणजे भाव किती जोरात हलतोय ते. आपल्या कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात. घाटात गाडी वर वर चढत असते, पण वेग मंदावलेला असतो. शेअरचंही तसं होतं. भाव नवा उच्चांक गाठतो, पण आरएसआयचं शिखर आधीच्यापेक्षा खाली राहतं. याला डायव्हर्जन्स म्हणतात. खरेदीचा जोर ओसरतोय एवढंच त्यातून कळतं. भाव उद्याच पडेल असं नाही.

आरएसआय अमेरिकेतल्या जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडला. समजा, १४ दिवसांत चढत्या दिवसांची वाढ मिळून ८४ रुपये झाली आणि उतरत्या दिवसांची घट मिळून २८ रुपये. एकूण हालचाल ११२ रुपयांची, त्यातला वाढीचा वाटा ७५ टक्के. म्हणून आरएसआय ७५. पुढे रोजचा नवा आकडा यात मिसळत जातो. शेअर महाग आहे की स्वस्त, हे या हिशेबात कुठेच येत नाही. जोरदार तेजीत आरएसआय आठवडेच्या आठवडे सत्तरच्या वर राहू शकतो.

खालच्या बाजूलाही तेच. १२ मार्च २०२० ला निफ्टी ९,५९० वर बंद झाला, तेव्हा आरएसआय तिसाच्या खाली होता. 'आता वळणार' म्हणून ज्यांनी तिथे खरेदी केली, त्यांनी २३ मार्चला ७,६१० पाहिला.

जोडीला एमएसीडी आणि स्टोकॅस्टिक हे मोमेंटमचेच आणखी दोन निर्देशक लावले की खात्री होते, असं पोरांना वाटतं. पण तिन्ही भावातूनच निघतात. तिघांचा कौल जुळला तरी पुरावा एकच. म्हणून आधी साप्ताहिक चार्टवर कल बघा, मग आरएसआय, आणि ऑर्डर टाकण्याआधी स्टॉपलॉस, म्हणजे कोणत्या भावाला तोटा घेऊन बाहेर पडायचं ते, ठरवा.

आणि हे शिकून कुणी थेट फ्युचर्स-ऑप्शन्सकडे वळणार असेल, तर हेही ऐका. बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. तेव्हा पोरांनो, जमिनीचा पैसा ऑप्शन्समध्ये घालू नका. विकलेली जमीन पुन्हा त्या भावात मिळणार नाही. शिकायचंच असेल, तर बुडाली तरी घराला झळ लागणार नाही एवढीच रक्कम बाजारात आणा.