दिसण्याची ड्युटी

सैनिकाला शिकवतात ते लपायला. तोंडाला काळं फासायचं, हेल्मेटवर पालापाचोळा खोचायचा, गाडी झाडाखाली घालून वर जाळी टाकायची. दक्षिण लेबनॉनमधल्या भारतीय पलटणीला मात्र हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. गाड्या पांढऱ्याशुभ्र, त्यांच्या अंगावर ठळक काळ्या अक्षरांत ‘यूएन’, डोक्यावर आकाशी निळं हेल्मेट नाहीतर त्याच रंगाची बेरे टोपी, चौकीवर लांबूनही ओळखू येईल असा झेंडा. आपण कोण आणि कुठे आहोत, हे दोन्ही बाजूंच्या बंदुकवाल्यांना सतत कळत राहावं, यावरच इथली सुरक्षितता बेतलेली आहे.

ही पलटण संयुक्त राष्ट्रांच्या ज्या शांतिसेनेत आहे, तिचं नाव युनिफिल. इस्राएल दक्षिण लेबनॉनमध्ये घुसला, तेव्हा १९ मार्च १९७८ रोजी सुरक्षा परिषदेने ४२५ आणि ४२६ क्रमांकांचे ठराव करून ती उभी केली. ‘तात्पुरती’ म्हणून नेमलेली सेना पुढे जवळजवळ अर्धं शतक तिथे राहिली. नॉर्वेच्या पलटणीची जागा घ्यायला नोव्हेंबर १९९८ मध्ये भारतीय पायदळ आलं. पूर्व विभागात, इबेल अस-साकी या गावाजवळ, त्याचा तळ. भोवती ऑलिव्हच्या बागा, पूर्वेला हरमोन पर्वताचे उतार आणि तिथल्या उंच चौक्यांवर हिवाळ्यात बर्फ. ज्यांच्या लगतची जमीन वादात अडकली आहे, ती शेबा आणि कफर शुबा ही गावं याच पट्ट्यातली.

समोर आहे ती निळी रेषा. इस्राएलने २००० साली माघार घेतली, ती पुरी झाली की नाही हे तपासायला संयुक्त राष्ट्रांनी आखलेली, सुमारे १२० किलोमीटर लांबीची. ती आंतरराष्ट्रीय सीमा नव्हे. बऱ्याच ठिकाणी जमिनीवर तिची खूण म्हणजे निळं रंगवलेलं पिंप. त्यामुळे कळपामागे दोन पावलं पुढे गेलेला मेंढपाळ हीसुद्धा इथे नोंद करण्याजोगी घटना ठरते.

म्हणून तयारी भारतातच सुरू होते. शांतिसेनेचं प्रशिक्षण देणारं लष्कराचं केंद्र दिल्लीत २००० साली निघालं. नेमबाजी जवानांना येतच असते. शिकायचं असतं ते गोळी कधी झाडायची नाही हे. हत्यार स्वसंरक्षणासाठी, तसंच नागरिकांवर हल्ल्याची टांगती तलवार असेल तेव्हा. तेही नियमांच्या पायऱ्या चढत. आधी तोंडी इशारा, बळाचा वापर अगदी शेवटी आणि लागेल तेवढाच.

सरावातला नेहमीचा एक प्रसंग पाहा. गस्तीच्या दोन गाड्या, पुढे रस्ता अडवून उभा जमाव. जमावाच्या भूमिकेत पलटणीतलेच जवान, साध्या कपड्यांत, ओरडण्यात कसूर न करणारे. एक जण बॉनेटवर थापा मारतो, दुसरा मोबाइल थेट तोंडासमोर धरतो. गस्तप्रमुख खाली उतरतो. रायफलची नळी जमिनीकडे, बोट ट्रिगरपासून दूर, आवाज खालचा. मागच्या गाडीतून वायरलेसवर ठिकाण आणि वेळ कळवली जाते, लेबनीज सैन्याच्या संपर्क अधिकाऱ्याला निरोप जातो. दुभाषा बोलत राहतो. वाट मिळाली तर पुढे, नाही तर गाड्या वळवून परत आणि तळावर अहवाल. माघारी फिरणं कमीपणाचं वाटू न देणं, हा या सरावातला सगळ्यात अवघड धडा. असे रस्ते खरोखरच अडवले जातात, आणि तिथे एका जवानाचा तोल सुटला तर सगळ्या गावाशी असलेलं नातं तुटतं.

बाकीच्या कवायती धोक्याच्या. काही मिनिटांत निघू शकणारी तातडीची तुकडी, जखमीला उचलून आणणं, सुरुंगांच्या भागात पायवाट न सोडणं आणि इशारा मिळताच बंकर गाठणं. हे सगळं पुस्तकी नाही. २५ जुलै २००६ रोजी इस्राएलच्या हल्ल्यात खियाम इथल्या चौकीत ऑस्ट्रिया, कॅनडा, चीन आणि फिनलंडचे चार निःशस्त्र निरीक्षक ठार झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १७०१ क्रमांकाचा ठराव आला आणि सेनेचं बळ वाढलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्राएलने रेषेलगतच्या चौक्या सोडायला सांगितल्या, तेव्हा सेना जागची हलली नाही. १० ऑक्टोबरला नाकूरा इथल्या मुख्यालयाच्या टेहळणी बुरुजावर रणगाड्याचा मारा झाला आणि दोन इंडोनेशियन सैनिक जखमी झाले. आजवर ३०० हून अधिक शांतिसैनिकांनी या मोहिमेत प्राण गमावले आहेत.

हे ध्यानात घेतलं की समारंभ नुसता दिखावा वाटत नाही. वर्षातला मोठा दिवस पदक परेडचा. किमान ९० दिवसांची सेवा झाली की संयुक्त राष्ट्रांचं पदक मिळतं. कांस्याचं, एका बाजूला संघटनेचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला ‘शांततेच्या सेवेत’ अशा अर्थाचे शब्द. त्याआधी कितीतरी दिवस मैदानावर रंगीत तालीम चालते. सुभेदार मेजर रांगेची रेघ तपासतात, कुणाची बेरे कपाळावर नेमकी बसली नाही ते बघतात. भारत, लेबनॉन आणि संयुक्त राष्ट्रांचे झेंडे, बँडची धून, सावधान, सलामी. मग पाहुणे रांगेतून चालत एकेकाच्या छातीवर पदक लावतात. नंतर पलटण ज्या मुलखातली, तिथला नाच किंवा मर्दानी खेळ.

खुर्च्यांवर कोण बसलंय, यालाही अर्थ असतो. लेबनीज सैन्याचे अधिकारी, शेजारच्या पलटणींचे कमांडर, गावांचे नगराध्यक्ष, धर्मगुरू. या डोंगराळ भागात शिया, सुन्नी, ड्रूझ आणि ख्रिस्ती वस्त्या एकमेकींना लागून आहेत. कुणाशी आधी हात मिळवला, कुणाला आमंत्रण द्यायचं राहिलं, हे लगेच बोललं जातं. जी पलटण पाहुण्यांच्या रांगेत चूक करत नाही, तिच्या गस्तीला रस्ताही सहज मिळतो. या ओळखीचा पाया रोजच्या कामात असतो: दवाखाना, दातांची तपासणी, योगाचे वर्ग. भारतीय पलटणीचा पशुवैद्य गावोगाव फिरून गायी-बकऱ्यांवर मोफत उपचार करतो. ज्याची गाय वाचली, तो माणूस जमाव भडकताना मध्ये पडू शकतो.

या कामाशी मराठी मुलखाचा धागाही आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत कमिशन घेतलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार १९९२-९३ मध्ये माजी युगोस्लाव्हियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे पहिले फोर्स कमांडर होते. तिथे तर राखायला शांतताच शिल्लक नव्हती. निळं हेल्मेट युद्ध थांबवू शकत नाही, याचा अनुभव लेबनॉननेही पुन्हापुन्हा दिला. ते हेल्मेट करतं ते एवढंच: रेषेवर काय घडलं याचा तिसरा साक्षीदार जागेवर ठेवतं, आणि छोट्या कुरबुरीचं मोठं भांडण होण्याआधी बोलायला थोडा वेळ मिळवून देतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने या सेनेला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अखेरची मुदत दिली. त्यानंतर वर्षभरात माघार. लेबनीज सैन्य तिची जागा कितपत भरून काढतं, यावर या सगळ्या वर्षांचा हिशोब ठरेल. पलटणीचा स्वतःचा हिशोब मात्र सोपा आहे. ते पदक शौर्याचं नाही, हजेरीचं आहे. ज्या नोकरीत दिवस बिनघोर गेला हेच यश, तिथे याहून रास्त पदक दुसरं नसावं.