दवाखान्यातल्या आपल्या कागदांची राखण



बोरगाव मेघेच्या माणसाला मोठा दवाखाना लांब नाही. सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, दोन्ही वर्धा तालुक्यातच. पूर्वी दवाखान्यात निघताना पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांची चळत घ्यावी लागे. आता बऱ्याच मोठ्या दवाखान्यांत खिडकीवर नंबर सांगितला की मागचे औषध, रक्ताची तपासणी, सारे संगणकावर दिसते. सोय मोठी आहे. कोणते औषध बाधते हे बेशुद्ध माणूस सांगू शकत नाही, त्याची नोंद सांगते.

पण कणगी भरली की उंदीर येतोच. २०२० साली ग्रीनबोन या जर्मन कंपनीच्या अहवालाची बातमी आली. एक्स-रे, सीटी स्कॅनची चित्रे ज्या संगणकांत साठवतात, त्यांतले कित्येक इंटरनेटला जोडलेले, पण पासवर्डच नाही! म्हणजे कोठीला दार आहे, कडी नाही. भारतातल्या राज्यांत अशा उघड्या चित्रांत आपला महाराष्ट्र सर्वांत पुढे निघाला. सुमारे सात कोटी चित्रे. या पहिल्या नंबराचे कौतुक कोण करणार? अशा चित्रासोबत रोग्याचे नाव, जन्मतारीख, डॉक्टरांचे नाव असे सारे असते. परक्याच्या हाती ते पडले की तो फोनवर आपल्या आजाराचे नाव घेऊन बोलतो, आणि आपल्याला वाटते, दवाखान्यातूनच फोन आहे.

दुसरा प्रकार याहून वाईट. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि नोंदी उघडेनात. नावनोंदणी, तपासण्यांचे अहवाल, सारे कित्येक दिवस हाताने लिहावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर तालुक्याच्या गावातल्या दवाखान्याने नोंदींची दुसरी प्रत वेगळी, इंटरनेटपासून तोडून ठेवलीच पाहिजे. हे काम दवाखान्याचे आहे, रोग्याच्या माथी मारायचे नाही. पण विचारायला काय हरकत आहे? बियाणे घेताना आपण दहा प्रश्न विचारतोच की.

आता आपल्या हातचे. २०२१ पासून देशभर चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो. त्यामुळे नोंदी दिल्लीला जाऊन बसत नाहीत. जिथे तयार झाल्या तिथेच राहतात आणि आपण संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. दिलेली संमती मागेही घेता येते. मोबाईलवर येणारा ओटीपी ही त्या कुलपाची किल्ली. फोनवर कोणी मागितला, अगदी ‘डॉक्टर बोलतोय’ म्हणाला, तरी देऊ नका. मोबाईल पोराच्या हाती असतो, तेव्हा हे त्यालाही सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके ते परत मिळणे कठीण.

आणि ती चिठ्ठ्यांची जुनी पिशवी फेकू नका. निदान शेवटचा अहवाल आणि चालू औषधांची यादी कागदावर घरी असू द्या. वीज गेली तरी ती वाचता येते.