मूल बांधावर नको, अंगणवाडीत हवे

वाफ्यातच रोप किडके निघाले तर पुढे कितीही खत टाका, मिरची मनासारखी येत नाही. हे तुम्ही जाणता. पण कापूस वेचणीत शेतभेटीला गेलो की बांधावर चार वर्षांचे पोर दिवसभर ढेकळांत बसलेले दिसते.

'लहान आहे, शाळेत गेल्यावर शिकेल' असे म्हणू नका. गाणी, गोष्टी, मणी ओवणे, रंग ओळखणे ही पुढच्या लिहिण्या-वाचण्याची मशागतच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्या आणि अनुताई वाघ बालवाडीच अंगणात घेऊन गेल्या. तीच अंगणवाडी. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने पुढे ती गावोगावी नेली.

सरपंच मंडळींनो, हंगामात अंगणवाडीताईंकडून गैरहजर मुलांची यादी घ्या, घरी जाऊन विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तिथल्या अंगणवाडीत मुलाचे नाव घालावे. तीन ते सहा वयाची ही वर्षे गेली की गेली. दुबार पेरणी इथे नाही.